चैन पडणे आणि चैन करणे : बाखच्या ‘कॉफी कांताटा’विषयी

पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, मागे उभं राहू नका. या बसा.

आजच्या व्याख्यानाची सूचना लागली तेव्हा एका जुन्या श्रोत्यांनी फोन करून विचारलं, की कॉफीवर तुम्ही तासभर बोलणार तरी काय? आम्ही म्हटलं, कॉफीवर नाही हो, कॉफीवरच्या एका गाण्यावर बोलणार आहोत. ते म्हणाले, मग तर येतोच, निदान गाणं तरी ऐकायला मिळेल. (हशा) ते आलेले आहेत, तिकडे कोपऱ्यात बसले आहेत. गाणं शेवटी आहे, तोवर आमचं ऐकून घ्यावं लागेल.

सुरुवात आपल्याच एका शब्दापासून करू. ‘चैन’. मराठीत हा शब्द आपण दोन रीतींनी वापरतो आणि त्या एकमेकींच्या जवळजवळ उलट आहेत. ‘पोरगं घरी येईपर्यंत तिला चैन पडत नव्हती.’ इथं चैन म्हणजे जिवाला लागणारा स्वस्थपणा, तो नसला तर माणूस तळमळतो. आणि ‘पगार झाला की दोन दिवस नुसती चैन चालते याची.’ इथं तीच चैन म्हणजे उधळपट्टी, नसती तरी चाललं असतं अशी गोष्ट. एकाच शब्दात गरजही आहे आणि नको ते लाडही. घराघरांतली निम्मी भांडणं यावरूनच होतात, बघा. एक जण पहिल्या अर्थानं बोलत असतो आणि दुसरा ते दुसऱ्या अर्थानं ऐकत असतो.

ज्या रचनेविषयी आज बोलायचं आहे, ती म्हणजे या भांडणाचंच गाणं आहे. योहान सेबास्टियन बाख. आपल्याकडे त्याचं नाव घेतलं की लोक कान टवकारण्याऐवजी पाठ ताठ करतात. चर्चचं संगीत, प्रचंड ऑर्गन, भक्ती, गणित. हे सगळं खरंच आहे. पण 1723 साली हा माणूस लायप्झिगला गेला आणि 1750मध्ये तिथंच वारला, आणि मधल्या काळात, 1729पासून, तो गावातल्या एका हौशी-विद्यार्थी वाद्यवृंदाचाही प्रमुख होता. या मंडळींचे जलसे आठवड्यातून एकदा व्हायचे. कुठं? तर कातारिनेनश्ट्रासे नावाच्या रस्त्यावर झिमरमान म्हणून गृहस्थ होते, त्यांच्या कॉफीघरात. ती इमारत दुसऱ्या महायुद्धात, 1943च्या बाँबहल्ल्यात गेली. तर या कॉफीघरातल्या जलशांच्या दिवसांत, 1734च्या सुमारास, बाखनं हा कांताटा लिहिला. कांताटा म्हणजे काय? आपल्या संगीत नाटकातला प्रवेश डोळ्यांसमोर आणा. थोडा संवाद, मग पद, पुन्हा संवाद, पुन्हा पद. फरक इतकाच की इथं संवादही सुरात असतो, आणि पोशाख, पडदा, नेपथ्य काही नाही. माणसं उभी राहून गातात.

सगळे मिळून दहा भाग आहेत. अर्ध्या तासात संपतं. सुरुवातीला सूत्रधार येतो आणि प्रेक्षकांना सांगतो, की गप्पा थांबवा, बघा कोण येतंय. कॉफीघरात गाणाऱ्याला हे म्हणावंच लागत असणार. मग येतो बाप. त्याचं नाव श्लेंड्रियान. हे नाव नाही, ही चेष्टा आहे, कारण जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ जुनी, रेंगाळत चाललेली वहिवाट. आपण एखाद्या पात्राचं नाव ‘चाकोरीपंत’ ठेवावं, तसं. आणि त्याची मुलगी लीशेन. तिला रोज तीनदा कॉफी लागते. बापाला ती सुटायला हवी आहे. कथानक म्हणावं तर एवढंच.

शब्द पिकांडर या टोपणनावानं लिहिणाऱ्या क्रिस्टियान फ्रीडरिश हेनरीचीचे. पोस्टखात्यात नोकरी करणारा कवी. बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’चे शब्दही त्याचेच. म्हणजे एका हातानं येशूच्या यातना आणि दुसऱ्या हातानं ही कॉफी. या योगायोगाची आम्हाला फार गंमत वाटते.

आता बाप काय करतो बघा. तो धमक्या देतो. लग्नसमारंभाला जायचं नाही, फिरायला जायचं नाही. नव्या पद्धतीचा घेरदार झगा मिळणार नाही. खिडकीत उभं राहून रस्ता बघायचा नाही. टोपीला सोनेरी-रुपेरी फीत मिळणार नाही. मुलगी प्रत्येक वेळी म्हणते, नको तर नको, मला माझी कॉफी राहू द्या. पहिल्यांदा ऐकताना आपण हसतो. पण ही यादी जरा निरखून बघा. खिडकीत उभं राहणं, फिरायला जाणं, चार माणसांत मिसळणं. या चैनीच्या वस्तू आहेत का? बाप तिचं मोकळं हिंडणं-फिरणं आणि टोपीची फीत एकाच पिशवीत भरतो, त्याच्या लेखी दोन्ही आपण दिलेलंच आहे. आणि ती सगळं सोडून देते, कारण कॉफी ही एकच गोष्ट अशी आहे जी तिला कुणी दिलेली नाही, तिची तिनं लावून घेतली आहे.

आणखी एक. बाप कारण देत नाही. सगळ्या संहितेत शोधा. कॉफीनं तब्येत बिघडते, पैसा जातो, देवाला आवडत नाही, काही नाही. तो म्हणतो, सोड. कारण मी सांगतो. पुढे चाळीसएक वर्षांनी प्रशियाच्या फ्रेडरिक राजानं कॉफीविरुद्ध मोहीम काढली तेव्हा त्याच्याकडे निदान हिशेब होता, पैसा परदेशी जातो म्हणून. 1781मध्ये त्यानं परवान्याशिवाय घरी कॉफी भाजायलाच बंदी केली आणि निवृत्त सैनिकांना गल्लीबोळांतून भाजल्या कॉफीचा वास हुंगत फिरायला लावलं. वास हुंगणारे सरकारी नोकर! पण तो राजाही कारण देत होता. श्लेंड्रियान तेवढी तसदी घेत नाही.

आता संगीताकडे येऊ, कारण खरं काम तिथं झालेलं आहे. बापाच्या पहिल्या पदाला तंतुवाद्यं आहेत, ती त्याच्याबरोबर गुरगुरतात. दुसऱ्या पदात त्याच्याजवळ खालच्या षड्जाकडची साथ तेवढी उरते, आणि ती साथ अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी सरपटत जाते, हट्टी मुलीला कुठं पकडावं हे शोधत असल्यासारखी. (स्पष्ट सांगायचं तर हे दुसरं पद आम्हाला दर वेळी लांबलेलं वाटतं. कल्पना पहिल्या मिनिटात कळते.) पण या दोन पदांच्या मध्ये लीशेनचं कॉफीचं पद येतं आणि तिथं बाखनं सगळी तंतुवाद्यं गप्प केली आहेत. फक्त आवाज, खर्जाची साथ आणि एक बासरी. या मजकुराला कुणीही ठेका धरायला लावणारी चाल दिली असती, मुलगी कॉफीला चुंबनांच्या आणि गोड दारूच्या वर बसवते आहे, दुसरं काय करणार? बाखनं मात्र ते कोमल गंधाराच्या वळणाचं केलं, बी मायनरमध्ये. तीन-तीन मात्रांची हलती चाल आहे, पण तिच्यात एक गंभीरपणा आहे. बासरी आधी एकटी फिरते, मग मुलगी तिच्यात मिसळते. हा आवाज लाडावलेल्या पोरीचा नाही. दुपारी घर निजलेलं असताना स्वतःशी बसलेल्या माणसाचा हा आवाज आहे.

शब्दांत मुलगी विनोदी आहे. कॉफी मिळाली नाही तर आपण भाजलेल्या बोकडासारख्या सुकून जाऊ, असं ती म्हणते. पिकांडर तिच्याकडे बोट दाखवून आपल्याला हसवतो आहे, आणि हा त्या संहितेचा हलकेपणा आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. संगीत मात्र तिला हसत नाही. शब्द तिला चैन करणारी म्हणतात आणि सूर तिला चैन पडत नसलेली दाखवतात. आम्ही मघाशी त्या शब्दात अडकलो होतो ते एवढ्याचसाठी.

इथं थोडं घरचं सांगतो, विषय सोडून नाही. आमची एक आत्या होती. लग्नानंतर चार वर्षांनी ती सांगलीला माहेरी परत आली आणि मग तिथंच राहिली. आजोबांच्या घरात कॉफी पाहुण्यांसाठी असे. पाहुणा आला, तोही चांगल्यापैकी, की दुधातली, वर जायफळ किसलेली कॉफी. किंवा उपासाला. एरवी सगळ्यांना चहा, आणि बायकांना पातेल्यात मागे राहिलेला चहा. (हसू नका, तुमच्याही घरी हेच होतं.) झोप उडवणारी कॉफी आणि झोप आणणारं जायफळ एकाच कपात घालणारे आपण लोक, त्यात काय युक्ती आहे हे आम्हाला कधी समजलं नाही. तर या घरात आत्या दुपारी तीनच्या सुमाराला, सगळे लवंडले की, मागच्या पडवीत अर्धा कप कॉफी घेऊन बसायची. पूड ठेवायची ती एका चपट्या डब्यात, आणि डब्यावर चिठ्ठी होती ‘सुंठ’. आम्ही भावंडांनी तो डबा एकदा उघडला आणि तिनं आमच्याकडे अशा नजरेनं बघितलं, की आम्ही कुणाला बोललो नाही. आजोबा दुष्ट नव्हते. तिनं मागितली असती तर बहुधा दिलीही असती. पण मागावं लागलं असतं. पुढे आजोबा गेले, विचारणारं कुणी राहिलं नाही, दुकानातून राजरोस कॉफी यायला लागली. तिनं ती चिठ्ठी कधी काढली नाही.

आता कांताटाच्या शेवटाकडे या, म्हणजे हे का सांगितलं ते लक्षात येईल. सगळ्या धमक्या फुकट गेल्यावर बाप शेवटचं शस्त्र काढतो. कॉफी सोडली नाहीस तर लग्न करून देणार नाही. आणि लीशेन लगेच पाघळते. हो बाबा, सोडते, आजच नवरा आणा. मग तिचं दुसरं पद, मेजर सप्तकात, नाचरं, सहा मात्रांच्या झोक्याचं. 1732मध्ये छापलेल्या पिकांडरच्या संहितेत गोष्ट इथंच संपते. मुलगी हरली, बाप जिंकला, नवऱ्यापुढे कॉफी काय चीज आहे, असा जुन्या पठडीचा विनोद. ‘शारदा’ नाटकात देवलांनी 1899मध्ये बाप पैशासाठी मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी लावायला निघालेला दाखवला. तिथं लग्न हा बापाचा धंदा आहे, इथं लग्न ही बापाची छडी आहे. दोन्हीकडे मुलीच्या इच्छेची किंमत बापच ठरवतो.

पण बाखच्या कांताटात पुढे दोन भाग आहेत, ते पिकांडरच्या छापील संहितेत नाहीत. ते बाखनंच जोडले असं बरेच अभ्यासक मानतात. सूत्रधार परत येतो आणि सांगतो, म्हातारा नवरा शोधायला गेला खरा, पण मुलीनं गुपचूप गावात निरोप फिरवला आहे. ज्याला मला मागणी घालायची असेल त्यानं आधी वचन द्यायचं, आणि ते लग्नाच्या करारात लिहून द्यायचं, की मला हवं तेव्हा कॉफी करायची मुभा असेल. लक्ष द्या, ‘प्यायची’ नाही. मूळ क्रियापद शिजवण्याचं, उकळण्याचं आहे. करायची मुभा. कॉफीघरात जाऊन बसायची नाही, नवऱ्यानं आणून द्यायचीही नाही. घरातली चूल, आपला हात, आपली वेळ. कॉफीघरात बसून लोक हे ऐकत होते, हेही ध्यानात ठेवा.

काही गायिका ते नवऱ्याचं पद खोटं गातात, म्हणजे डोळे मिचकावत, जणू मुलगी बापाला फसवतेच आहे. कॅफेत प्रयोग लावायची पद्धत आता बरीच आहे आणि तिथं तर मुलीला कॉफीचं व्यसनी बाहुलं करून टाकतात. आम्हाला हे पटत नाही. ते पद इतकं खुशीचं आहे की ते खरंच असलं पाहिजे. तिला नवराही हवा आहे आणि कॉफीही हवी आहे. दोन्हींतलं एक निवड, असा पेच बापानं घातलेला आहे, तो तिचा पेच नव्हे. म्हणून ती त्याच्याशी भांडत बसत नाही, करारात एक कलम घालते.

आणि मग शेवटचं तिघांचं पद. मांजर उंदीर सोडत नाही, तशा पोरी कॉफी सोडत नाहीत, अशा अर्थाचं. त्यात एक वाक्य सहज येऊन जातं, की आईलाही कॉफी आवडते आणि आजीही पीत होती, मग मुलींना बोल कोण लावणार? थांबा. आई? आजी? अर्धा तास झाला, या घरात आई आणि आजी आहेत हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं! श्लेंड्रियाननं त्यांचं नावही काढलं नाही. म्हणजे इतकी वर्षं घरात तीन पिढ्यांची कॉफी चालू होती आणि त्याला एका मुलीची तेवढी दिसली. बाकीच्यांची कॉफी कुठल्या डब्यात होती? मघाशी सांगितलं त्याप्रमाणे आम्हाला एक अंदाज आहे. (हशा) आणि याच पदात ती बासरी परत येते. कॉफीच्या पदानंतर ती कुठंच नव्हती, मधल्या सगळ्या आदळआपटीत ती नाही, लग्नाच्या आनंदातही नाही. ती येते आई-आजींबरोबर, आणि आता तंतुवाद्यंही तिच्यासोबत आहेत.

एक उणीव मात्र सांगायलाच हवी. ही कॉफी येते कुठून, हे त्या गाण्यात नाही. बाखच्या काळात युरोपात येणारी कॉफी येमेनची होती, डचांच्या जावामधली होती, आणि सुरीनाम, मार्टिनिकसारख्या वसाहतींतली होती, जिथं मळ्यांवर गुलाम राबत. घरातली मुलगी तिच्या हक्काच्या तीन कपांसाठी गाते तेव्हा ते कप भरणाऱ्याला कुणी आवाज दिलेला नाही. बाखकडून ती अपेक्षा करता येईल का? कदाचित नाही. पण ऐकताना आपल्याला तर माहीत आहे. ‘लहानशी चैन’ ही एका टोकाला लहानशी असते. आपल्याकडे चिकमगळूर, कोडगूला जाऊन तोडणीच्या दिवसांत मळे बघितले, की हे पुस्तकातून शिकावं लागत नाही.

आता आजचं. हल्ली घरी कॉफी करण्याची नवी हौस आली आहे आणि ती आम्हालाही आहे, उगाच साधूपणा कशाला. पितळी फिल्टर आहे, वरच्या भांड्यात चांगली तीन-चार चमचे पूड दाबून त्यावर उकळतं पाणी ओतायचं आणि पंधरा-वीस मिनिटं त्याच्याकडे बघायचं सुद्धा नाही. थेंब थेंब खाली उतरतो. घाई केली, चमच्यानं ढवळलं, की पाणचट. यातलं सुख पिण्याइतकंच त्या वीस मिनिटांत आहे. आमची तक्रार कॉफीबद्दल नाही, तिच्याभोवती जी भाषा आली आहे तिच्याबद्दल आहे. जाहिराती म्हणतात, स्वतःचे लाड करा, कारण तुम्ही ते कमावलं आहे. दिवसभर राबलात, आता हा कप तुमचा हक्क. ऐकायला गोड आहे. पण यात श्लेंड्रियान गेलेला नाही, तो फक्त आपल्या आत येऊन बसला आहे. आधी बापाची परवानगी लागायची, आता स्वतःच्या दमणुकीची पावती दाखवावी लागते. ज्या दिवशी राबलो नाही त्या दिवशी काय करायचं? आजारी माणसानं, निवृत्त माणसानं, माहेरी परत आलेल्या आत्यानं कुठली पावती दाखवायची? लीशेन कुठंही म्हणत नाही की मी दमले. कॉफीनं डोकं चालतं, अभ्यास होतो, असंही म्हणत नाही. ती म्हणते, मला आवडते. या साध्या वाक्याला अख्ख्या कांताटात कुणाजवळ उत्तर नाही आणि जाहिरातवाल्यांजवळ त्याचा उपयोग नाही, कारण नुसती आवड असली की माणूस अर्ध्या कपावरही थांबतो.

बाख वारल्यावर त्याच्या मालमत्तेची यादी झाली. तीत चांदीची भांडी आहेत आणि त्यांत कॉफीच्या किटल्याही आहेत. वीस मुलांचा बाप, त्यातली निम्मी लहानपणीच गेलेली, वरिष्ठांशी पगारावरून, मानावरून सतत खटके. त्या घरात त्या किटलीतून कुणाला कधी मिळत असेल, पहिला कप कुणाचा आणि शेवटचा कुणाचा, हे यादीत नसतं. पण ते शेवटचे दोन भाग जोडणाऱ्या माणसाला ते ठाऊक असावं असं आम्हाला वाटतं.

बरं, आता गाणं. आधी लीशेनचं कॉफीचं पद, मग लगेच शेवटचं तिघांचं, म्हणजे बासरी दोन्हीकडे ओळखता येईल. मागच्या टेबलावर कॉफी ठेवली आहे, जायफळ घातलेली आणि बिनजायफळाची, दोन्ही थर्मासवर लिहिलं आहे. गाणं संपायची वाट बघू नका, आत्ताच घ्या. कपबशांचा आवाज झाला तरी चालेल, झिमरमानकडेही होत असणार.